वीम्सच्या गुहांचे भाडेकरू

शस्त्रक्रियेआधी क्लोरोफॉर्म देण्याची प्रथा ज्यांनी पाडली, त्या डॉक्टर जेम्स यंग सिम्प्सन यांना जुन्या दगडांचं भारी वेड होतं. १८४७च्या नोव्हेंबरात एडिंबरातल्या आपल्या घरी, जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी क्लोरोफॉर्म हुंगला आणि तिघंही बेशुद्ध पडले, ही हकिकत वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. पुढे नावलौकिक मिळाल्यावरही दवाखाना सांभाळून हे गृहस्थ खडकांवर कोरलेल्या खुणा टिपत स्कॉटलंडभर हिंडत राहिले. त्याच भटकंतीत, १८६५च्या सुमारास, ते ‘फर्थ ऑफ फोर्थ’ या रुंद खाडीच्या उत्तर काठावरच्या ईस्ट वीम्स गावी पोचले.

गावाशेजारच्या किनाऱ्यावर गुहांची रांग होती. गावाला त्यांचं काहीच अप्रूप नव्हतं. पण त्यांच्या भिंतींवर मासे होते, पक्षी होते, दांडीने जोडलेल्या दोन गोल चकत्या होत्या. अशीच चिन्हं उत्तर स्कॉटलंडातल्या उभ्या शिळांवर सापडतात, म्हणजे ही पिक्ट लोकांची करणी असणार, हे सिम्प्सन यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी ते अभ्यासकांपुढे मांडलं. ब्रिटनमधल्या बाकीच्या सगळ्या गुहांत मिळून जेवढी पिक्टिश चिन्हं असतील, त्यांहून जास्त एकट्या वीम्समध्ये आहेत, असं आज सांगितलं जातं.

चिन्हांसाठी म्हणून माणूस इथे येतो खरा, पण गुहांमधून हिंडताना लक्ष वेधून घेतात ते त्यांचे नंतरचे भाडेकरू. इथे न्यायसभा भरल्या, काच ओतली गेली, कबुतरं पाळली गेली, खिळे ठोकले गेले. पिक्टांच्या चिन्हांनी हे सगळे शेजारी सोसले, काहींच्या हातून जखमाही झेलल्या. गुहांवर सर्वांत वाईट दिवस आले ते मात्र त्या कुणाच्याच कामाच्या उरल्या नाहीत तेव्हा.

समुद्राने कोरलं, जमिनीने उचललं

एडिंबराहून आगगाडीने खाडी ओलांडून कर्कॉडीला यायचं. अर्थशास्त्राचा पाया घालणाऱ्या अॅडम स्मिथचं हे जन्मगाव. तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी बस ईस्ट वीम्सला सोडते. गावातून खाली उतरलं की फाइफ परगण्याच्या किनाऱ्याने जाणारी पायवाट लागते आणि तीच गुहांपर्यंत नेते. उजव्या हाताला खाडीचं करडं पाणी, डावीकडे तांबूस वालुकाश्माचा कडा. कड्यावर मॅक्डफ किल्ल्याचे पडके बुरूज उभे आहेत. शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’मधला मॅक्डफ तो हाच, फाइफचा सरदार. त्याचं नाव किल्ल्याला परंपरेने चिकटलेलं आहे, आज दिसणारं बांधकाम त्याच्यानंतर काही शतकांनी झालेलं.

गुहांची तोंडं भरतीच्या रेषेच्या बरीच वर आहेत. लाटांनी कोरलेल्या गुहा लाटांपासून इतक्या दूर कशा, असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर हिमयुगात आहे. स्कॉटलंडवर तेव्हा बर्फाचा प्रचंड थर होता आणि त्याच्या भाराने जमीन खाली दबली होती. गादीवरून माणूस उठला की दबलेला भाग सावकाश वर येतो, तशी बर्फ वितळल्यावर ही जमीन वर येऊ लागली. वितळलेल्या पाण्याने समुद्रही चढत होता. काही हजार वर्षांपूर्वी समुद्र या कड्याच्या पायथ्याशी पोचला, त्याने मऊ वालुकाश्म पोखरला. मग जमीन उचलत राहिली आणि पाणी मागे हटलं. मागे राहिला तो उंचावलेला जुना किनारा आणि कोरड्या, वाऱ्यापावसापासून आडोसा देणाऱ्या तयार खोल्या.

रंगवलेली माणसं

पिक्टांचं नाव पहिल्यांदा लिहिलेलं सापडतं ते इसवी सन २९७मधल्या एका लॅटिन भाषणात. रोमन सत्तेने १४२च्या सुमारास फोर्थ आणि क्लाइड या दोन खाड्यांच्या दरम्यान मातीची तटबंदी घातली होती. तिच्या उत्तरेला राहणाऱ्या, अंग रंगवणाऱ्या किंवा गोंदणाऱ्या, सतत डोकेदुखी ठरणाऱ्या टोळ्यांना रोमनांनी सरसकट ‘पिक्टी’ म्हटलं. ती माणसं स्वतःला काय म्हणत, ते त्यांनी लिहून ठेवलेलं नाही. त्यांची भाषा वेल्शच्या जवळची केल्टिक भाषा होती असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. नॉर्थंब्रियाचा इतिहासकार बीड याने ७३१ साली ती ब्रिटनमधल्या स्वतंत्र भाषांपैकी एक म्हणून मोजली आहे. त्याच नॉर्थंब्रियाच्या एकफ्रिथ राजाला पिक्टांच्या ब्रिडेईने ६८५ साली लढाईत ठार मारलं आणि उत्तरेकडे सरकणारं त्याचं राज्य मागे रेटलं. नवव्या शतकात मात्र पिक्टांची सत्ता गेल लोकांच्या सत्तेत मिसळत गेली, आणि त्या मिश्रणातून जे राज्य उभं राहिलं त्याला पुढे स्कॉटलंड म्हणू लागले. पिक्टांची कत्तल झाली नाही; त्यांची भाषा विझली आणि नाव मागे पडलं.

त्यांच्या हातचं आपल्यापर्यंत पोचलं ते मुख्यतः दगडात. दोनशेहून अधिक शिळांवर ठरावीक चिन्हं पुन्हा पुन्हा येतात. चंद्रकोर आणि तिच्यावर मोडलेल्या बाणासारखी इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची दांडी, दोन चकत्या आणि त्यांच्यावरून गेलेली ‘झेड’सारखी दांडी, आरसा आणि कंगवा, सामन मासा, साप, गरुड, आणि लांब सोंडेसारखं तोंड व गुंडाळलेले पाय असलेला एक प्राणी. हा प्राणी नेमका कुठला हे न कळल्यामुळे लोक त्याला ‘पोहणारा हत्ती’ म्हणतात. शेकडो मैलांच्या टापूत, कित्येक पिढ्या, ही चिन्हं जवळजवळ त्याच वळणाने काढली गेली. हौसेखातर काढलेल्या चित्रांत एवढी शिस्त सहसा दिसत नाही.

एकेका गुहेचं बिऱ्हाड

गावाकडून निघालं की महत्त्वाची अशी पहिली लागते ती कोर्ट केव्ह. मध्ययुगात इथल्या जमीनदाराची न्यायसभा या गुहेत भरत असे, म्हणून हे नाव. पाचवा जेम्स राजा भिकाऱ्याच्या वेशात प्रजेत हिंडायचा आणि एका रात्री या गुहेत जिप्सींच्या मैफलीत जाऊन बसला, अशी दंतकथा आहे. भिंतीवर दुहेरी चकत्या आहेत. एक माणसाची आकृतीही आहे, हातात काहीतरी उगारलेलं, शेजारी जनावर. हातातला हातोडा आणि शेजारचा बोकड मानून ही आकृती उत्तरेकडच्या थॉर देवाची, असं काहींनी म्हटलं. खरं काय ते कोरणाऱ्यालाच ठाऊक. छत खचू नये म्हणून आत आधाराचे खांब घातलेले आहेत. त्यांच्याकडे पाहिल्यावर गुहेच्या तब्येतीबद्दल वेगळं काही विचारावं लागत नाही.

पुढची डू केव्ह. स्कॉट बोलीत ‘डू’ म्हणजे कबूतर. भिंतीत ओळीने चौकोनी खबदाडं खोदलेली आहेत, कबुतरांच्या घरट्यांसाठी. पिलं ताटात यावीत म्हणून बड्या घरांची ही सोय. खबदाडं खोदताना खाली आधीचं काही कोरलेलं आहे का, हे बघायला कोण थांबणार? या गुहेची पश्चिमेकडची जोडीदार पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला ढासळली. खाडीच्या रक्षणासाठी माथ्यावर तोफ बसवली होती, तिच्या हादऱ्यांनी छत खाली आलं. तिथली चिन्हं आज आपल्याला ठाऊक आहेत ती केवळ जॉन पॅट्रिक या छायाचित्रकारामुळे. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्याने इथल्या भिंतींचे फोटो काढून ठेवले होते. दगड गेला, काचेवरची प्रतिमा राहिली.

काचेचाही इथे इतिहास आहे. १६१० साली सर जॉर्ज हे यांना स्कॉटलंडात काच बनवण्याची सनद मिळाली आणि त्यांनी वीम्सच्याच एका गुहेत भट्टी लावली. देशातला हा पहिला काचकारखाना. इंधनाला शेजारीच कोळसा, कच्च्या मालाला किनाऱ्यावरची वाळू, माल हलवायला दारात समुद्र. ती ग्लास केव्हही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोसळली.

किल्ल्याच्या बरोबर खाली वेल केव्ह आहे. तिच्यात झरा होता. नव्या वर्षातल्या पहिल्या सोमवारी, म्हणजे ‘हॅन्सल मंडे’ला, गावकरी मशाली पेटवून मिरवणुकीने या झऱ्यापर्यंत येत. ही प्रथा आता राहिलेली नाही आणि गुहाही आत शिरण्याजोगी उरलेली नाही.

सर्वांत श्रीमंत ती जोनाथन्स केव्ह. अठराव्या शतकात जोनाथन नावाचा खिळे बनवणारा कारागीर बायकोमुलांसह इथे राहत होता, असं सांगतात. त्याच्या घराच्या भिंतींवर दुहेरी चकत्या होत्या, मासा होता, पक्षी होते, चौपायी जनावरं होती आणि नंतरच्या काळातले ख्रिस्ती क्रूस होते. वल्ही आणि सुकाणू दाखवलेली एक होडीही आहे. ती पिक्टांची की व्हायकिंगांची, की अगदी अलीकडच्या कुणाची, यावर अभ्यासकांत एकमत नाही. गुहेला आता लोखंडी जाळीचं दार आहे. आत गेल्यावर पहिली दोन-चार मिनिटं काहीच दिसत नाही. वाट दाखवणारा स्वयंसेवक विजेरी भिंतीवर सरळ मारत नाही. भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा झोत सोडतो. मग बोटभर रुंद, उथळ चरांत सावली भरते आणि सपाट वाटणाऱ्या दगडावर एकदम चकती उमटते, तिच्या शेजारी दुसरी, मग दोन्हींना जोडणारा पट्टा. झोत हलला की सगळं पुसलं जातं. भोवतीने अठराव्या, एकोणिसाव्या, विसाव्या शतकांतल्या लोकांची नावं आणि आद्याक्षरं दाटीने कोरलेली आहेत. ती पाहायला कोन साधावा लागत नाही.

शेवटची स्लोपिंग केव्ह. तिचं तोंड इतकं बुटकं आहे की वाकून, जवळजवळ सरपटतच आत जावं लागतं. आत दुहेरी चकती आणि नक्षीदार आयत जोडीने आहेत. शिळांवरही चिन्हं बहुधा अशी जोडीनेच येतात, त्यामुळे अभ्यासकांच्या दृष्टीने या अडचणीच्या गुहेचं मोल मोठं आहे.

कॉव्हसीची वेगळी हकिकत

वीम्समध्ये चिन्हांभोवती संसार दिसतो. उत्तरेला, मरे खाडीच्या दक्षिण किनाऱ्यावर, लॉसीमथजवळच्या कॉव्हसीच्या कड्यांत ‘स्कल्प्टर्स केव्ह’ आहे. तिथे दिसतो तो मृत्यू. या गुहेपाशी ओहोटीचीच वेळ साधून पोचता येतं. भरती येते तेव्हा वाट बुडते. दोन समांतर चिंचोळ्या वाटा आत जातात आणि त्यांच्या तोंडाशी मासा, चंद्रकोर अशी चिन्हं कोरलेली आहेत.

१९२८ ते १९३० या काळात इथे उत्खनन केलं ते सिल्व्हिया बेंटन यांनी. त्यांचा जन्म लाहोरचा, पुढचं नाव झालं ते ग्रीसमधल्या इथाका बेटावरच्या उत्खननामुळे. कॉव्हसीत त्यांना माणसांची सुमारे सोळाशे हाडं मिळाली. त्यांतली अगदी थोडीच आज उरली आहेत. १९७९मध्ये इयन आणि अलेक्झांड्रा शेफर्ड यांनी पुन्हा खोदकाम केलं. या सगळ्याचा साकल्याने अभ्यास करून इयन आर्मिट आणि लिंडसी ब्यूस्टर यांनी २०२० साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातून जे चित्र उभं राहतं ते असं : कांस्ययुगाच्या अखेरीस, आजपासून तीन हजार वर्षांपूर्वी, इथे मृतांना, विशेषतः लहान मुलांना आणून ठेवत. मुलांची मुंडकी गुहेच्या तोंडाशी मांडली जात असावीत. मग इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात किमान सहा माणसांचा इथेच शिरच्छेद झाला. मानेच्या मणक्यांवर घाव स्पष्ट आहेत. चौथ्या शतकातली रोमन नाणीही इथे मिळाली. चिन्हं कोरली गेली ती या सगळ्यानंतर. भयाण आठवणींची जागा खूण करून बंद करावी, असा त्यामागे हेतू असेल, असा एक तर्क आहे. तो खरा असेल, तर इथली चिन्हं वीम्समधल्यांपेक्षा फार वेगळं काम करत होती.

मुंबईपर्यंत पोचलेला वाद

मग या चिन्हांचा अर्थ काय? नावं, कुळं, हुद्दे, विवाहसंबंध, देवता, असं सगळं सुचवून झालं आहे. कोणत्याही दोन लिपींत एकच मजकूर असलेला दगड सापडलेला नाही, त्यामुळे पडताळा नाही.

२०१० साली रॉब ली आणि सहकाऱ्यांनी गणिताचा आधार घेतला. एका चिन्हानंतर दुसरं कुठलं येईल याचा अंदाज किती बांधता येतो, हे मोजलं. चिन्हं वाटेल तशी आली तर अंदाज अशक्य. ठरावीक साच्यातच आली तर अंदाज शंभर टक्के. भाषा या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असते. पिक्टिश चिन्हं भाषेच्या पट्ट्यात पडतात, म्हणून ती लिपी असावी, असा त्यांचा दावा होता.

वर्षभर आधी याच धर्तीचा युक्तिवाद सिंधू संस्कृतीच्या मुद्रांबाबत ‘सायन्स’ नियतकालिकात आला होता. त्याचे लेखक होते राजेश राव, लिपितज्ज्ञ इरावथम महादेवन आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले निशा यादव आणि मयंक वाहिया, शिवाय आणखी काही सहकारी. सिंधू चिन्हं ही लिपी नव्हेच, असं २००४मध्ये ठामपणे मांडणाऱ्यांपैकी एक, भाषाशास्त्रज्ञ रिचर्ड स्प्रोट, यांनी २०१०मध्ये दोन्ही निबंधांवर एकत्रच टीका केली. ज्यांत भाषा नाही अशा चिन्हव्यवस्थांतही हे आकडे असेच येऊ शकतात, हा त्यांचा मुद्दा. कुलाब्यातल्या संगणकावर मोजलेल्या हडप्पाच्या मुद्रा आणि फाइफच्या कड्यातल्या चकत्या अशा एकाच खटल्यात येऊन उभ्या राहिल्या. निकाल अजून लागलेला नाही.

काळाच्या बाबतीत मात्र प्रगती झाली आहे. अॅबर्डीन विद्यापीठाचे गॉर्डन नोबल आणि सहकारी यांनी २०१८मध्ये दाखवलं की या चिन्हांची सुरुवात पूर्वी मानली जाई त्याहून बरीच आधी, तिसऱ्या-चौथ्या शतकात झाली असावी. म्हणजे रोमन साम्राज्याच्या सीमेपलीकडे, लिहिणाऱ्या शेजाऱ्याकडे पाहत, न लिहिणाऱ्यांनी स्वतःची खूणव्यवस्था घडवली. रोमनांकडून त्यांनी चांदीही घेतली आणि वितळवून आपले दागिने केले. वीम्सहून फार लांब नसलेल्या नॉरीज लॉ इथे १८१९च्या सुमारास असा साठा सापडला. त्यातल्या चांदीच्या पट्टीवर तीच दुहेरी चकती आणि तीच ‘झेड’ दांडी आहे. बहुतेक साठा सापडल्यासापडल्या पुन्हा वितळवला गेला.

कोळशाची कमाई, कोळशाचं देणं

ईस्ट वीम्स हे कोळशाचं गाव. इथली मायकेल खाण एकेकाळी स्कॉटलंडातल्या सर्वांत मोठ्या खाणींपैकी एक होती आणि तिच्या वाटा समुद्राखालून गेलेल्या होत्या. खालची जमीन पोकळ होत गेली तशा वरच्या कड्याला भेगा पडल्या. पण खाणीतून निघणारा टाकाऊ दगडमातीचा ढीग किनाऱ्यावर ओतला जाई, आणि त्या काळ्या बांधामुळे लाटा कड्यापासून लांब राहत. खाण एका हाताने गुहा खचवत होती आणि दुसऱ्या हाताने त्यांना आडोसा देत होती.

९ सप्टेंबर १९६७ रोजी मायकेल खाणीत आग लागली. ९ कामगार गेले आणि खाण पुन्हा सुरू झाली नाही. गावाची रोजी गेली. किनाऱ्यावर नवा भराव पडणं थांबलं. होता तो लाटा नेऊ लागल्या. समुद्राला अडवायला पुढे भिंत घालावी लागली, पण ती सगळ्या गुहांना पुरत नाही. गुहांमध्ये आता कुणी काम करत नव्हतं, राहत नव्हतं, कबुतरंही पाळत नव्हतं. तिथे शेकोट्या पेटू लागल्या, रंगाचे फवारे उडू लागले. १९८०च्या दशकात तर कुणीतरी चोरीची मोटार जोनाथन्स केव्हमध्ये घातली आणि पेटवून दिली. आगीने वालुकाश्माचे पापुद्रे सुटतात. पंधराशे वर्षं भिंतीवर टिकलेलं काम पापुद्र्याबरोबर जमिनीवर पडतं.

त्या धक्क्यातून १९८६मध्ये गावातल्या आणि आसपासच्या लोकांनी ‘सेव्ह वीम्स एन्शंट केव्ह्ज सोसायटी’ स्थापन केली. तेव्हापासून ही संस्था गुहा दाखवते, त्यांच्यावर नजर ठेवते, सरकारदरबारी खेटे घालते. २००४मध्ये चॅनल फोरच्या ‘टाइम टीम’ कार्यक्रमाने इथे उत्खनन केलं तेव्हा गावाचं नाव घराघरांत पोचलं. नंतर या संस्थेने किनारी पुरातत्त्वावर काम करणाऱ्या ‘स्केप’ या संस्थेबरोबर गुहांचं लेझरने मोजमाप घेतलं. भिंतींच्या अचूक त्रिमिती प्रतिकृती आता ‘वीम्स केव्ह्ज फोर डी’ या नावाने संकेतस्थळावर खुल्या आहेत. पुण्यात बसून कुणीही त्यांच्यावर हवा त्या कोनातून उजेड टाकू शकतो, आणि खरं सांगायचं तर काही चिन्हं गुहेपेक्षा पडद्यावरच ठळक दिसतात.

पश्चिमेकडच्या डू केव्हचा अनुभव असल्यामुळे प्रतिकृतीची किंमत इथे कुणाला पटवून द्यावी लागत नाही. पण मोजमापाने कडा थांबत नाही. किनाऱ्याच्या संरक्षणासाठी पैसा वाटताना घरं, रस्ते आणि सांडपाण्याच्या वाहिन्या आधी येतात, आणि त्यात चूक काढता येत नाही. अशा वेळी गुहांच्या बाजूने बोलायला कुणीतरी लागतं, आणि ज्यांचा गुहांशी रोजचा संबंध आहे तेच बोलतात. उन्हाळ्यातल्या ठरावीक रविवारी विजेऱ्या घेऊन पाहुण्यांना आत नेणारे स्वयंसेवक म्हणूनच मला निव्वळ वाटाडे वाटत नाहीत. न्यायसभा, भट्टीवाले, कबूतरवाले, खिळेवाला जोनाथन यांच्यानंतरचे ते या गुहांचे चालू भाडेकरू आहेत. आधीच्यांनी भिंती वापरल्या. यांचा धंदाच भिंती दाखवण्याचा. म्हणून गुहेत रविवारी माणसांची वर्दळ असते, आणि वर्दळ असलेल्या जागी मोटार घालून पेटवायला सहसा कुणी धजत नाही.

जाणार असाल तर ओहोटीचं वेळापत्रक पाहून जा, पक्क्या तळव्याचे बूट घाला, आणि संस्थेच्या फेरीचा दिवस गाठा. एकट्याने गेलात तर बंद जाळीतून अंधार दिसेल. भिंतीला हात लावू नका. आणि निघताना देणगीपेटीत काही टाका. भाडं अजून चुकतं होत आहे ते त्यातूनच.